देखणी भेग

"बसत नाही म्हणजे? माझ्या हातची कवळी तोंडात बसली नाही म्हणून आजवर एक म्हातारा माघारी आलेला नाही, आणि तू म्हणतोस भिंत बसत नाही!"

"मी कुठं म्हणतोय? तीच म्हणतेय. बघ की. वरच्या तुकड्यातली भेग इथं येऊन थांबली आणि खालच्यातली तिकडनं निघाली. शिवण उसवल्यासारखं दिसतंय."

"हात काढ आधी. तुझ्याच कोपरानं फुटली ती."

"कोपर लागलं तेव्हा चुकलो म्हणालो की. आता काय कोपर कापून देऊ?"

पहिला बोलणारा आमचा कवळीवाला. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे याच्याकडं पाठवतात आणि हा त्यावरनं कवळ्या करून देतो. दुसरा शिंपी. दिवसभर मशीन हाणतो, पण सुट्टीच्या दिवशी त्याला सगळे सेनापती म्हणतात, आणि तोही ओ देतो.

सुट्टीच्या दिवशी काय, ते सांगायला पाहिजे. सात-आठ बापये, पोराबाळांचे बाप, एका मोठ्या टेबलाभोवती जमतात. टेबलावर अंगठ्याएवढे शिपाई, तोफा, घोडे. फासे टाकायचे, शिपाई पुढं सरकवायचे, दुसऱ्याचे मारायचे. कोण किती सरकला हे टेपनं मोजायचं, आणि टेप असतो सेनापतीच्या गळ्यात. "तुझी तोफ एवढ्या लांब मारत नाही." "मारते." "नाही मारत." शेताच्या बांधावरनं सख्खे भाऊ भांडतात तसे हे वीतभर जागेवरनं भांडतात, आणि मग एका किटलीतला चहा पिऊन घरी जातात.

या लढाईला जमीन लागते. ती जमीन कवळीवाला करतो. बाकीचे तिला बोर्ड म्हणतात, हा रान म्हणतो. "सेनापतीचं रान पुरं करायचंय," असं म्हणत तो कवळ्यांचं काम उरकतो आणि खोलीच्या दुसऱ्या अंगाला जातो. एका खोलीत दोन धंदे. इकडं फळीवर बिनओठांचे जबडे ओळीनं हसत बसलेले, तिकडं डोंगर, ओढे, वाटा. फोमची जाड पाटी घ्यायची, पातं फिरवून टेकड्या काढायच्या, पांढरा गोंद फासून वर चाळलेली वाळू पेरायची. भुसा रंगवला की गवत. वाळक्या मुळ्यांना स्पंज चिकटवला की झाडं. वार्निशची नदी ओतायची थरावर थर, आणि घाई केली तर नदी दुधासारखी पांढरी पडते. सुरुवातीला एकदा यानं थर्माकोलच्या डोंगरावर फवाऱ्याच्या डब्यातला रंग मारला. त्या रंगानं थर्माकोल विरघळतो हे याला कुठं ठाऊक! डोंगर डोळ्यांदेखत आत बसला. हा डबा हातात धरून बघतच राहिला, आणि मग आठवडाभर भेटेल त्याला सांगत हसत सुटला.

पण याची खरी ख्याती पडक्या घरांची. बाकीचे लोक भिंतीवर सुरीनं भेग कोरतात. ती कोरल्यासारखीच दिसते. कवळीवाला म्हणतो, भेग काढता येत नाही, ती पडावी लागते. म्हणून तो खऱ्या भेगेचा ठसा घेतो. दातांचा ठसा घ्यायला डॉक्टर वापरतात तो लगदा. दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, भेगेवर दाबायचे, हाताला घट्ट लागला की सोलून काढायचा. मग त्यात प्लास्टर ओतलं की भिंतीचा वीतभर तुकडा जसाच्या तसा हातात. खऱ्या भिंतीवरची दोऱ्याएवढी भेग अंगठ्याएवढ्या शिपायांपुढं दरी होऊन उभी राहते. गावातल्या जुन्या पंपघरावर, शाळेच्या मागल्या बाजूला, पुलाच्या कठड्यावर तळहाताएवढे स्वच्छ चट्टे दिसतात ना, ते याचेच.

आता त्या लगद्याला दातांच्या धंद्यात पुट्टी म्हणतात. आणि भिंतीच्या भेगा बुजवायला गवंडी जे लुकण लावतो, त्यालाही पुट्टीच म्हणतात. एवढं ध्यानात असू द्या.

तर त्या दुपारी बसत नव्हता तो तुकडा सेनापतीच्या रानातल्या मोठ्या पडक्या वाड्याच्या दर्शनी भिंतीचा. मूळ ठसा गेल्या उन्हाळ्यात घेतलेला. सेनापतीनं रान बघता बघता त्यावर कोपर टेकवलं आणि खालचा अर्धा भाग चुरा झाला. जुना साचा तोवर फाटून टाकून दिलेला. म्हणून कवळीवाल्यानं त्याच जागी जाऊन पुन्हा ठसा घेतला, नवा तुकडा ओतला, त्याचा वरचा भाग करवतीनं कापून टाकला आणि खालचा भाग जुन्याला जोडायला घेतला. जोडला जाईना.

"पुट्टीनं दगा दिला," तो म्हणाला.

"प्लास्टरमध्ये पाणी जास्त घातलं असशील."

"पाण्यानं एवढं होत नाही."

"मग प्लास्टर फुगलं असेल."

"प्लास्टर फुगतं, पण नावाला. एवढं फुगत असतं तर मी केलेल्या कवळ्या लोकांच्या गालातनं बाहेर आल्या असत्या."

सेनापती गळ्यातला टेप काढून दोन्ही भेगांवर लावत होता. "अरे, ही तर दुप्पट-तिप्पट आहे. कापड असतं तर म्हणलो असतो ताणलं गेलं. आता प्लास्टर नाही, पुट्टी नाही, पाणी नाही, मग भिंतच सरकली असेल!"

दोघंही हसले. सेनापती हसतच राहिला. कवळीवाल्याचं तोंड मात्र तसंच उघडं राहिलं. दात दिसत होते, पण हसू निघून गेलेलं.

तो खाली वाकला. प्लास्टरच्या चुऱ्याच्या बादलीत हात घालून त्यानं नव्या तुकड्याचा कापून टाकलेला वरचा भाग शोधून काढला. फुंकला, चड्डीला पुसला, आणि जुन्या तुकड्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही त्याच जागचे. दोन्हीवर एक खिळ्याचं भोक, आणि भोकाखाली गवंड्याच्या थापीचा एक वाकडा ओरखडा, भेगेच्या आरपार गेलेला. जुन्या तुकड्यावर तो ओरखडा भेग ओलांडून सलग पलीकडं गेला होता. नव्या तुकड्यावर तो भेगेशी येऊन तुटला होता, आणि पलीकडं निघाला होता तो नखभर खालनं.

म्हणजे भेग नुसती रुंद झाली नव्हती. भिंतीची एक बाजू खाली उतरली होती.

"कुठली रे ही भिंत?" सेनापतीनं विचारलं.

कवळीवाल्यानं दोन्ही तुकडे उचलून हातात घेतले.

"ताईच्या घरची," तो म्हणाला.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ताई फोन पिठाच्या डब्यावर ठेवते आणि अंगणात काम करत बसते, हे त्याला पाठ. तो तसाच निघाला. कोपरापर्यंत पांढरा, पायात एकच चप्पल, हातात ते दोन तुकडे. मागनं सेनापती स्कूटर काढून आला आणि "बस, बस की रे!" म्हणत त्याला मागं घेतला. भर दुपारच्या रस्त्यात लोक वळून बघत होते. वाटेत सेनापती काय काय विचारत होता. कवळीवाला एकच बोलत होता, "मी बघितली होती. मी हात लावून बघितली होती."

ताई दारात कपडे पिळत बसली होती.

"अगबाई, बारक्या! हे काय ध्यान? आणि हातात काय, फुटकं कौल?"

"म्हातारी कुठाय?"

"म्हातारी म्हण, तिनं ऐकलं म्हणजे कळेल. कुठं असणार? खाटेवर."

"खाट कुठाय?"

"भिंतीला. असं काय विचारतोस? परवा तूच तर सरकवलीस आणि तूच परत लावलीस."

हे ऐकून तो जागच्या जागी उभा राहिला. खरंच की. ठसा घ्यायला अडचण होते म्हणून यानंच ताईच्या सासूला खाटेसकट अलीकडं ओढलं होतं, आणि काम झाल्यावर, "मावशी, लावू का परत जागेवर?" असं अदबीनं विचारून खाट त्याच भेगेखाली नीट लावून दिली होती. उशीसुद्धा सारखी केली होती.

तो आत शिरला. भेगेवर ताईनं टॉवेल अडकवलेला. टॉवेल ओढला. हातातला नवा तुकडा, परवाच घेतलेल्या ठशाचा, त्यानं भिंतीला लावला. खिळ्याच्या भोकाला भोक जुळवलं.

जुळेना. परवाचाही जुळेना.

आणि तो तुकडा दाबला तशी भेगेतनं बारीक वाळू सुटली. आवाज न करता, चाळणीतनं पीठ पडावं तशी, म्हातारीच्या पांघरुणावर.

"कोण रे? बारक्या का?" म्हातारी जागी झाली. "बरं झालं आलास. तुझी कवळी टोचतेय. डाव्या अंगाला. काढून वाटीत ठेवलीय बघ खिडकीत."

"मावशी, उठा."

"उठायला येत असतं तर तुझी वाट बघितली असती होय?"

"सेनापती, तू पायाकडनं धर!"

"अरे, काय करताय काय?" म्हातारी ओरडली. "सुनबाई! बघ गं, तुझा भाऊ मला पळवून नेतोय!"

ताई ओल्या हातानं आत आली, आणि भावाचं तोंड बघून तिनं तिसऱ्या अंगानं खाटेला हात घातला. खाट दारात अडकली. आडवी केली, उभी केली, म्हातारी दोन्ही हातांनी दांडे धरून याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत होती. शेवटी एकदाची बाहेर आली. अंगणात झाडाखाली खाट टेकली आणि तिघंही धापा टाकत भिंतीकडं बघत उभे राहिले. भिंत आपली उभी. बाहेरनं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"आता बोल," ताई म्हणाली. "काय झालं?"

"भिंत उतरतेय, ताई. भेग वाढलीय."

"वाढलीय तर वाढलीय. मी परवा तुला म्हणले नाही का? मागल्या वेळची तुझी पुट्टी टिकली नाही. तर तू म्हणालास, ती टिकायला नसतेच. मला वाटलं थट्टा करतोस."

"टिकली नाही म्हणजे?"

"पुट्टी भरलीस ना? गेल्या उन्हाळ्यात. मी तुला म्हणले, बारक्या, ही भेग बघ जरा, मला भ्या वाटतंय. तू बघितलीस, खूश झालास, म्हणालास, थांब, पुट्टी घेऊन येतो. आणलीस. मळलीस. दाबलीस."

"आणि काढून नेली, ताई! ठसा घेतला मी. भरली नाही, ठसा घेतला!"

"काढून नेलीस ती वरची, जास्तीची. आतली राहिली असेल असं वाटलं मला." ताईचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "म्हणजे तू काहीच केलं नव्हतंस?"

तिला भीती वाटत होती म्हणून तिनं भेग दाखवली होती, आणि यानं ती बघून काय म्हणलं होतं ते दोघांनाही आता आठवत होतं. म्हणला होता, "ताई, असली देखणी भेग साऱ्या गावात नाही."

सेनापती गवंड्याला घेऊन आला. कानाला पेन्सिल लावलेला, अबोल माणूस. आत न जाता तो आधी घराला वळसा घालून मागं गेला. मागं मोरीचा पाइप. पाइपाच्या सांध्यातनं थेंब थेंब पाणी गळत होतं, कधीपासनं कोण जाणे. गवंड्यानं भिंतीच्या पायाशी पाऊल टेकवलं तर ते घोट्यापर्यंत आत गेलं. त्यानं पाऊल ओढून काढलं, चिखल झटकला आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ही भिंत कशावर उभी आहे माहितीये का? सवयीवर."

त्यानं कानावरची पेन्सिल काढून पायाशी चिखलात खुपसली, ती बुडापर्यंत आत गेली.

"आणि मी आलो होतो की मागं या घरी," तो म्हणाला. "यांच्या मालकांनी बोलावलं होतं. मी दारापर्यंत आलो, तर म्हणाले, राहू द्या आता, मेव्हण्यानं पुट्टी भरलीय. मी म्हणलं, मेव्हणे गवंडीकाम करतात का? तर म्हणाले, नाही, दातांचं करतात, पण हात साफ आहे."

म्हातारीच्या डोक्यावर ती भिंत कवळीवाल्यानं स्वतः टिकवून धरली होती. न भरलेल्या पुट्टीनं.

गवंड्यानं शिडी मागितली. वरचे थर आधी सुटे करून घेऊ, मग खालचं बघू, असं त्याचं म्हणणं. शिडी बाहेरनं कोपऱ्यातल्या धड भागाला लावली, तो वर चढला, आणि कुठं हातोडा चालवायचा हे चाचपायला त्यानं भिंतीवर तळवा ठेवला.

नुसता तळवा.

दाराएवढा तुकडा आतल्या बाजूला गेला. आधी आवाजच नाही; भिंतीत एकदम आतला अंधार दिसला, आणि मग धडाड करून सगळं घर हललं. धूळ दारातनं, खिडकीतनं, भोकातनं बाहेर आली. गवंडी शिडीवर तसाच, हात पुढं केलेला, जिथं भिंत होती तिथं.

"मी काही केलं नाही," तो वरनं म्हणाला. दोनदा म्हणाला. "मी काही केलं नाही."

धूळ बसल्यावर आत बघितलं. जिथं खाट होती तिथं मांडीइतका उंच विटांचा ढीग. आणि त्या ढिगावर भेगेच्या कडेचा एक तुकडा उताणा पडलेला, त्यावर खिळ्याचं भोक आणि अर्धा ओरखडा.

सेनापती गळ्यातला टेप उगीच बोटांना गुंडाळत होता. मग ताईनं विचारलं, ओरडून नाही, साध्या आवाजात,

"बारक्या, तुला दिसलं नाही रे?"

"दिसलं."

"मग?"

"देखणं दिसलं, ताई."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या हातात अजून ते दोन तुकडे होते. तिनं ते घेतले, एकमेकांना लावून बघितले, बोट फिरवून बघितलं, आणि परत त्याच्या हातात दिले. "धर तुझी भिंत," म्हणाली, आणि अर्धवट राहिलेले कपडे पिळायला गेली. ते कपडे वाळत घालायला दोरी कुठं बांधायची, हा प्रश्न तिला तिथं गेल्यावर पडला, कारण दोरीचं एक टोक त्या भिंतीला होतं. तशी ती दोरी हातात धरून तिथंच उभी राहिली आणि मग रडली.

म्हातारी खाटेवरनं सगळं बघत होती. इतका वेळ ती गप होती, हेच नवल. आता तिनं तोंड उघडलं, आणि त्या तोंडात काहीच नव्हतं.

"माझे दात आत राहिले," ती म्हणाली.

रात्रीपुरतं बिऱ्हाड कवळीवाल्याच्या खोलीत आलं. दाजी कामावरनं परस्पर तिकडंच आले. येताना भिंत बघून आले होते. आल्यावर मेव्हण्यापुढं उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग फळीवरचे ते सगळे हसणारे जबडे बघितले आणि हात-पाय धुवायला गेले. म्हातारीची खाट कुठं लावायची, तर जागा एकच, रानाच्या शेजारी. कवळीवाल्यानं खाटेमागच्या भिंतीवर खालपासनं वरपर्यंत तळवा फिरवून बघितला. मग बाहेर जाऊन त्याच भिंतीची मागली बाजू बघून आला. मग खाट हातभर अलीकडं ओढली.

सकाळी म्हातारी त्या रानाकडं बघत चहा पीत होती. "एवढ्या लोकांची एवढी घरं पाडलीस," तिनं विचारलं, "आणि ही माणसं राहतात कुठं?"

"खेळातलं आहे हो, मावशी."

"असू दे. एक तरी धड ठेवायचंस."

सेनापती दुकान उघडायच्या आधी डोकावला. सुट्टी जवळ आली होती, पण रानाचं विचारायची त्याला लाज वाटत होती. उगीच इकडंतिकडं बघत शेवटी म्हणाला, "त्या वाड्याच्या भिंतीचं काय करायचं?"

"आधी दात."

कवळीवाल्यानं दोन डब्यांतनं दोन गोळे काढले आणि तळहातावर मळायला घेतले. दोन रंगांचा एक रंग झाला तसा तो म्हातारीपुढं उकिडवा बसला.

"मावशी, आ करा."

ताई दारातनं बघत होती. काल रात्रीपासनं ती भावाशी धड बोलली नव्हती. तिची नजर त्याच्या हातातल्या गोळ्यावर गेली.

"काय रे ते?"

"पुट्टी."

"बरं झालं विचारलं," ताई म्हणाली. "आता नीट सांग मला. ही भरून ठेवायची का काढून घ्यायची?"

तोवर गोळा म्हातारीच्या हिरडीवर दाबून झाला होता. तिला हसू आलं, तोंड हललं, ठसा बिघडला. कवळीवाल्यानं तो तोंडातनं काढला, उजेडाकडं धरून बघितला, टाकून दिला, आणि पुन्हा नवे दोन गोळे मळायला लागला.

"हसू नका," तो म्हणाला. "आ करा. मोठा."